कागद नसताना सोलापुरातला सरकारी दवाखाना: कोणती खिडकी काय मागते

निकाल आधीच सांगून टाकू. आधार, रेशनकार्ड, भाडेपावती यातलं काहीही जवळ नसलेल्या माणसाला सोलापुरात उपचार मिळतात. अडतं ते खर्चापाशी. तातडीचा विभाग, बाळंतपण, लसी, टीबी, कुत्रा किंवा साप चावणं या बाबतीत सरकारी सेवा चांगली आहे, काही ठिकाणी खासगीपेक्षा सरस. पण ऑपरेशनमध्ये लागणारा हाडाचा रॉड किंवा हर्नियाची जाळी, सरकारी आरोग्य योजनेतून होणारा मोठा उपचार आणि खात्यात येणारे पैसे म्हटलं की कागदाशिवाय पान हलत नाही.

हे परीक्षण ज्यांच्यासाठी आहे ती माणसं ओळखीची आहेत. ऊसतोडीची टोळी, जिचं रेशनकार्ड गावी म्हाताऱ्यांच्या पेटीत असतं. वीटभट्टीवरची आणि बांधकामावरची कुटुंबं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेडमध्येच झोपणारे यंत्रमाग कामगार. चायनीजच्या गाड्यांवरची नेपाळी मुलं. पाल ठोकून राहणारे भटके. विमुक्त जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने पुसला, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेल्या वस्तीला सोलापूर अजून ‘सेटलमेंट’च म्हणतं, आणि तरी पालात राहणाऱ्या कितीतरी घरांत आजही पत्त्याचा एक पुरावा निघत नाही.

आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण यावर निम्मा गोंधळ होतो. ‘सरकारी दवाखाना फुकट झाला’ हे अर्धंच खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाली ती सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. आपलं सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. तो निर्णय त्याला लागू नाही. तिथे केसपेपर, एक्स-रे, रक्ततपासणी, खाट यांचं शासनाने ठरवलेलं माफक शुल्क असतं आणि पिवळं रेशनकार्ड दाखवलं तर माफ होतं. म्हणजे ज्याच्याकडे पिवळं कार्ड नाही तो गरीब असूनही पैसे भरतो. रक्कम लहान असते, पण पावती फाडायला चार वेळा रांगेत उभं राहणं हीच मोठी किंमत. साधा ताप, जखम, बीपी-शुगर, गरोदरपणाची तपासणी यासाठी थेट सिव्हिल गाठण्यात शहाणपण नाही. महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र किंवा गावाजवळचं प्राथमिक केंद्र आधी, तिथून चिठ्ठी घेऊन मोठं रुग्णालय. चिठ्ठी असली की विभाग शोधण्याची पायपीटही वाचते.

केसपेपरच्या खिडकीवर आता आधार किंवा आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) विचारला जातो. आभा ऐच्छिक आहे. क्यूआर स्कॅन करून टोकन घेणाऱ्यांची रांग वेगळी आणि वेगवान असते इतकंच. नाव, वय, गाव, मोबाइल सांगून हाताने केसपेपर निघतो. ‘आधार नाही’ म्हणून वाद घालत बसू नका, ‘आधार आणलेलं नाही, नाव लिहून घ्या’ असं म्हणा. खिडकीवरच्या माणसाला कॉम्प्युटरचा एक रकाना भरायचा असतो, त्याला दुसरी वाट दिली की काम होतं. नाही झालं तर समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय विचारा. हे पद बहुतेक रुग्णांना माहीतच नसतं. मोठ्या सरकारी रुग्णालयात निराधार रुग्ण, शुल्कमाफी, देणगीदारांकडून औषध ही कामं त्यांच्याकडे असतात. आमच्या मते कागद नसलेल्यासाठी अख्ख्या इमारतीतली सर्वांत उपयोगाची खोली तीच. फक्त ती कार्यालयीन वेळेत उघडी असते, आणि माणसं आजारी पडतात रात्री.

बेशुद्ध किंवा एकट्या माणसाला ‘अनोळखी’ म्हणून नोंदवून उपचार सुरू होतात. त्याला कुणाची मेहेरबानी लागत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली आणि पश्चिम बंगाल खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडलेला आहे. ते कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं.

१०८ च्या रुग्णवाहिकेला पूर्ण गुण. राज्यात २०१४ पासून आहे, पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. अडचण पत्त्याची. फडातून फोन करणारा ‘उसाच्या रानात आहे’ एवढंच सांगतो आणि गाडी चुकते. कारखान्याचं नाव, गाडी सेंटर (ऊसतोडीच्या बैलगाड्यांचा तळ), जवळची वाडी आणि डांबरी रस्त्यावर उभा राहणारा माणूस या चार गोष्टी सांगा. बाळंतिणीसाठी १०२ वेगळा आहे.

संध्याकाळची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मजुराला दिवसा दवाखाना परवडत नाही, कारण खाडा पडतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपं. एक आजारी पडला तर दोघांचा दिवस जातो आणि मुकादम उचलीतून (आगाऊ दिलेल्या पैशांतून) कापून घेतो. म्हणून सकाळी नऊ ते एकची ओपीडी कितीही चांगली असली तरी त्याच्या कामाची नाही. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेला ‘आपला दवाखाना’ दुपारी २ ते रात्री १० या वेळेसाठी आखलेला आहे. तपासणी, औषध, साध्या रक्तचाचण्या फुकट. कल्पना अगदी नेमकी. औषधसाठा मात्र सारखा नसतो आणि संध्याकाळी सातनंतर गेल्यावर डॉक्टर आहेत का हे आधी विचारलेलं बरं.

ही वेळ सरकारने सोडली की ती जागा कोण घेतं? वस्तीच्या तोंडाशी बसलेला, पदवीचा बोर्ड नसलेला ‘डॉक्टर’. तो कागद मागत नाही, उधार ठेवतो, रात्री दहापर्यंत बसतो आणि सलाइन लावतो. त्याच्याकडे जाणाऱ्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही, पण तिथे नेमकं काय बिघडतं ते माहीत असावं. अंगदुखीला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन दिवस तरतरी देतं आणि शुगर वाढवतं. त्याहून वाईट म्हणजे खोकल्याला पाच-पाच दिवस दिलेलं लेव्होफ्लोक्सासिनसारखं औषध. त्याने टीबी थोडा दबतो, माणसाला बरं वाटतं, निदान महिने लांबतं आणि जंतू त्या औषधाला सरावतो, जे पुढे औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी लागणार असतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सलाइनचे पैसे वाचवा आणि थुंकी तपासा.

टीबीची सेवा कागदाच्या बाबतीत उदार आहे. थुंकीचे दोन नमुने, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. लाळ नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा. नमुना पातळ लाळेचा असला की रिपोर्ट ‘नाही’ येतो आणि आजार राहतो. निदान झालं की निक्षय, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, क्रमांक मिळतो. साध्या टीबीला सहा महिने उपचार, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. महिनाभरात वजन वाढलं तर गोळ्याही वाढवाव्या लागतात, हे रुग्णाने स्वतः विचारावं. स्थलांतर करणाऱ्याचा कोर्स तुटतो तो इथे: पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की टोळी एका रात्रीत गाडी भरून निघते. निघण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन निक्षयवर पुढच्या गावी ‘ट्रान्सफर’ करायला सांगायचं आणि वाटेसाठी गोळ्या मागून घ्यायच्या. निक्षय क्रमांक मोबाइलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ लिहून ठेवा. त्यावर देशात कुठेही पुढचं औषध सुरू राहतं.

पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाले, पण ते खात्यातच येतात. खातं नसेल तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचं देता येतं. नाहीतर बँकेत ‘छोटं खातं’ मागा. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यावर ते उघडता येतं, ओळखपत्र लागत नाही. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजार काढता येतात, मुदत १२ महिने. तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. काउंटरवरच्या नव्या कारकुनाला हा प्रकार बरेचदा ठाऊक नसतो, म्हणून शाखाधिकाऱ्यालाच भेटा.

बाळंतपण हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात साधं बाळंतपण आणि सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, ने-आण आणि जेवण सगळं मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. आजारी बाळाचा उपचार वर्षभरापर्यंत याच कार्यक्रमात. ही हमी सिव्हिललाही लागू, त्यामुळे बाळंतिणीच्या नातेवाइकाच्या हातात ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी पडली तर ती वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि अधीक्षकांना दाखवावी. इथे आधार मागितलं तरी ते नोंदीसाठी आणि रोख अनुदानासाठी असतं. जननी सुरक्षा आणि मातृवंदना योजनेचे पैसे कागदाअभावी हुकतील, बाळंतपण हुकणार नाही.

अडखळायला होतं ते सोनोग्राफीला. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना केंद्राला गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो, त्यात पत्ता आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं. चुकला तर केंद्रावर कारवाई होते. म्हणून खासगी केंद्रं ओळखपत्राशिवाय हात लावत नाहीत. उपाय सोपा आहे: तिसऱ्या महिन्यातच सरकारी केंद्रात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या आणि सोनोग्राफी सरकारी चिठ्ठीवर करा. ते कार्ड उसाच्या फडात, भट्टीवर, जिथे जाल तिथे सोबत ठेवा. त्यावर रक्तगट, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं असतात, आणि अनोळखी गावात रात्री दोन वाजता पोचलेल्या बाईसाठी त्याहून मोलाचा कागद नाही.

बाळाच्या जन्माची नोंद रुग्णालयातच होते. घरी जाण्याआधी फॉर्मवरचं आईचं आणि वडिलांचं नाव वाचून किंवा वाचून घेऊन तपासा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदी अशी चारही नावं एकाच वॉर्डात असतात. ‘मल्लम्मा’ची ‘मालन’ होते आणि पुढे शाळेपर्यंत तीच चूक आडवी येत राहते. (याची दुसरी बाजू चांगली: इथल्या सिस्टर आणि मावशी तिन्ही-चारही भाषा समजून घेतात. इंडी किंवा कलबुर्गीहून आलेल्या माणसाला पुण्यापेक्षा इथे सोपं जातं.) कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, बाळंतपण झालं असेल तर २१ दिवसांत नोंद करायची ती जिथे जन्म झाला त्या ग्रामपंचायतीत. मूळ गावी जाऊन करू म्हणणारे फसतात. महिना उलटला की वरिष्ठांची परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, आणि राज्यात २०२५ पासून उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे.

चावण्याच्या प्रकरणात कागद कुणी विचारत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सोडायचं सीरम वेगळं असतं, ते पहिल्या लसीबरोबर किंवा फार तर त्यापासून सात दिवसांत. लहान केंद्रात नसतं, तेव्हा मोठ्या रुग्णालयात जाणं भाग आहे. गाव बदललं तर पुढचा डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो, तारखांचं कार्ड तेवढं जपा. डोस चुकला तर राहिलेले पूर्ण करायचे, पुन्हा पहिल्यापासून नाही.

सापाचं जास्त बिकट, कारण कोपीत माणसं जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्री अंथरुणात येते. तिचा दंश दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. हे ‘गॅस’ म्हणून सोडाखाराच्या पाण्यावर घालवू नका, १०८ बोलवा. घोणस चावली तर दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष सुरू, साधारण दहा बाटल्यांनी. मण्यारीत हीच चाचणी ठीक येते, म्हणून ‘रक्त गोठलं, घरी जा’ असं कुणी म्हटलं तर पापण्यांचं पुन्हा सांगा.

आता पोलिसांचं. कागद नसलेला माणूस दवाखान्याला जितका घाबरत नाही तितका दवाखान्यातल्या पोलीस चौकीला घाबरतो. अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण या प्रकरणांत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. ती जखमेची नोंद आहे, राहण्याच्या परवान्याची चौकशी नव्हे. उलट ती टाळण्यातच नुकसान. मागात हात गेला की मालकाचा माणूस सोबत येतो आणि ‘घरी जिन्यावरून पडला’ असं लिहायला सांगतो. डॉक्टर सांगितलं तेच लिहितात. एकदा ‘घरी पडला’ असं केसपेपरवर चढलं की भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो. कामाची जागा, मशीन, वेळ पहिल्याच जबानीत सांगा. रस्त्यावर वाहनाने अपघात झाला असेल तर मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत रोख न भरता उपचार होतात. त्यालाही पोलिसांची नोंद लागते.

आणि दुसऱ्याचं कार्ड वापरू नका. चुलतभावाच्या रेशनकार्डावर, मेहुणीच्या आधारवर दाखल होण्याचा सल्ला वस्तीत सर्रास मिळतो. योजनेत अंगठा किंवा फोटो जुळला नाही की दावा फेटाळला जातो आणि बिल अंगावर येतं. जुन्या नोंदीतला रक्तगट, अॅलर्जी, शुगर सगळं दुसऱ्याचं निघतं. रुग्ण दगावला तर मृत्यूचा दाखला जिवंत माणसाच्या नावाने तयार होतो आणि विधवेच्या हातात काहीच उरत नाही. कागद नसणं परवडतं, खोटा कागद परवडत नाही. खरं नाव, खरं वय, एकच स्पेलिंग. हा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड पुढच्या प्रत्येक खिडकीवर तुमचा पहिला पुरावा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढा, कारण कोपी गळते.

महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांसाठी, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ‘सगळ्यांसाठी’ म्हणजे महाराष्ट्राचं कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला असणाऱ्यांसाठी. ऊसतोड्याला यात जागा आहे: कार्ड गावी असलं तरी ई-रेशनकार्ड डाउनलोड होतं, डिजिलॉकरवरही. आणीबाणीत रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं, कागद मागून येतात. आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) याची आठवण करून द्यावी लागते. अडलं तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८. कर्नाटकातून आलेल्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते सोलापुरातल्या आयुष्मान यादीतल्या रुग्णालयात चालतं, पण रुग्णालय यादीत आहे का आणि तो आजार त्या रुग्णालयात मंजूर आहे का, हे दोन्ही प्रश्न दाखल होण्याआधी विचारा.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि दहा टक्के सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत) असं २००६ पासूनचं बंधन आहे. पण त्याला तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड लागतं, म्हणजे पुन्हा तोच फेरा. अपवाद आणीबाणीचा: अनामत न मागता स्थिर करणं बंधनकारक. सोलापुरात मोठी सहकारी रुग्णालयं आहेत. सहकारी म्हणजे धर्मादाय नव्हे, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असतात. तिथे ही अट पुढे करून उपयोग नाही.

नेपाळी कामगारांना १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, तेव्हा सरकारी ओपीडीत त्यांनी बिनघोर जावं. योजनेत बसणं अवघड. इतर देशांतून परवान्याशिवाय आलेल्यांचं वास्तव कडू आहे. तातडीचा उपचार त्यांचाही हक्क आहे, पण दाखल झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देणं रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. लस, टीबी, बाळंतपणाच्या सेवांपासून ही कुटुंबं लांब राहतात ती त्यामुळे.

सर्वांत कमी गुण ठरवून करायच्या ऑपरेशनला. मोडलेल्या हाडाला प्लास्टर होतं, पण रॉड-प्लेट योजनेतून आली नाही तर विकत. हर्नियाचंही तसंच: ऑपरेशनचं शुल्क किरकोळ, जाळी बाहेरून. समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज करा, तारीख मागा, आणि तोवर वजन उचलणं टाळा, जे हमालाला आणि ऊसतोड्याला सांगणं हास्यास्पद आहे हे कबूल. मात्र गाठ आत जाईनाशी झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट पाहू नका. अडकलेलं आतडं काही तासांत काळं पडतं. त्या क्षणी ते तातडीचं प्रकरण होतं आणि रात्री बारालाही दाखल करून घ्यावंच लागतं, जाळीचा हिशेब नंतर.